वडजाईची मुकी होळी

पाव्हणं, त्या माळावर काळा पडलेला खड्डा दिसतोय ना, ती आमची होळी. शिमग्याला सगळा मुलूख बोंबा मारतो, आमच्या वडजाईत मात्र होळीपुढं कुणी तोंडावर हात नेत नाही. लहान पोर चुकून ओरडलं तरी म्हातारी माणसं चटकन त्याचा हात धरतात.

संस्थानाच्या काळातली गोष्ट आहे, असं सांगतात. वर जांभूळगड, निम्म्या डोंगरावर मेट, म्हणजे पहारेकऱ्यांची वस्ती. तिथं राघू मेटकरी आणि त्याची बायको ठमी राहायची. खिंडीत पेंढारी दिसले की मेटावर जाळ करायचा, आणि खालच्या गावानं पोरंबाळं उचलून मागच्या घळीत शिरायचं. घळीत घोडं जात नाही. एवढी साधी रीत, पण तिनं गावाला कैकदा तारलं होतं.

त्या साली ठमीची लेक हौशी होळीसाठी खाली मामाकडं गेली होती. दिवस मावळायला आला आणि खिंडीत धुरळा उठला. राघूनं जाळ केला. पण शिमगाच तो! वाडीवाडीत होळ्या पेटलेल्या, मेटावरच्या जाळाकडं बघतो कोण? खालून उलट ढोल जास्तच वाजले म्हणे. ठमीनं पदर खोचला आणि पायवाट सोडून सरळ कड्यानं उतरली. एकच ध्यास, हौशीला घळीत घालायचं.

माळावर पोचली तेव्हा पाय फुटलेले, केस सुटलेले. तोंडावर हात मारून तिनं बोंब ठोकली, "पेंढारी आलं! पळा रं, पळा!"

गाव खदाखदा हसलं. का नाही हसणार? आदल्या शिमग्याला याच राघूनं थट्टेत हीच आरोळी ठोकली होती, आणि सारं गाव घळीत जाऊन डास मारत बसलं होतं. शिमग्याचं खोटं हसून पोटात घालायचं, ही आमची रीत. मोठी शहाणी रीत!

"ठमे, एकदा फसलो, यंदा न्हाई!" तिचा सख्खा भाऊ म्हणाला आणि त्यानं ढोलावर टिपरू हाणलं.

ती एकेकाचे पाय धरत सुटली. जितकी रडली, तितकं सोंग झकास म्हणून लोक वाहवा करू लागले. शेवटी तिनं हौशीचा दंड पकडला. पोर हात सोडवून मागं सरली, आणि हसत हसत, आईकडंच बघत, तोंडावर हात मारून बोंबलली. अहो, त्या आईच्या जिवाचं काय झालं असेल!

मग घोड्यांच्या टापा आल्या. त्याही काहींना सोंगाच्याच वाटल्या, असं म्हणतात.

पेंढारी गेले तेव्हा माळावर होळी तेवढी जळत होती. ठमी वाचली. देवानं तेवढं तरी करायला नको होतं. राघू पुन्हा कुणाशी बोलला नाही म्हणे. ती मात्र मरेपर्यंत मेटावर बसून बोंब मारायची, आणि खाली ऐकायला कुणी नव्हतं. सणाला परगावी गेलेली दोनचार घरं तेवढी मागाहून परतली. आम्ही त्यांचेच.

आजही होळी पेटली की गावातली एक लेकुरवाळी मेटावर चढते आणि एकच बोंब मारते. खाली ढोल नसतो, हसू नसतं. ऐकू आली की प्रत्येक आई आपलं पोर उचलते आणि मुकाट घळीकडं चालू लागते. खरं की खोटं, कुणी विचारत नाही. सगळे दाटीवाटीनं बसतात, पण घळीच्या तोंडाशी एक पोर बसेल एवढी जागा मोकळी ठेवतात. हौशी अजून आलेली नाही.