विचारलं तरच सांगायचं

तळ्याकाठचे बाजार जनावरांच्याच हाती होते, तेव्हाची गोष्ट. तीन तळ्यांना तीन राखणदार होते: टिटवी, बगळा आणि खंड्या. त्यांचा करार होता, की दुसऱ्याने विचारलं तरच आपल्याकडची माहिती द्यायची.

कोल्ह्याने दिलेलं दुप्पट करून परत देण्याचं आमिष दाखवून टिटवीचं तळं लुबाडलं आणि तो बगळ्याच्या तळ्यावर गेला. तिथे खारीने पिल्लांसाठी साठवलेले शेंगदाणे त्याच्या हवाली केले. टिटवीने ते उडता उडता पाहिलं. पण कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती तशीच पुढे उडून गेली.

शेंगदाणे घेऊन कोल्हा पसार झाला.

बगळा टिटवीवर ओरडला, "बाई, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत, बगळेराव."

खार रडत म्हणाली, "तो आता खंड्याच्या तळ्याकडे गेलाय. निदान त्यांना तरी सांगा!"

बगळ्याने पंख मिटले. "त्यांनी अजून विचारलेलं नाही."