उजळाईसाठी आणलेले डोळे

येसूच्या घरात दोघीच, येसू आणि तिची आई. आई बांबूच्या टोपल्या विणायची, इतक्या सुबक की पाखरांनीही येऊन बघत बसावं. पण गेल्या वर्षी आईच्या डोळ्यांपुढे धुकं आलं ते जाईना. मग बांबू सोलताना बोटं कापायला लागली, टोपल्या वाकड्या व्हायला लागल्या आणि चुलीवर कधी भाकरी तर कधी नुसतंच गरम पाणी.

डोळ्यांचं दुखणं असलं की सोनतीर्थाच्या उजळाई देवीला चांदीचे डोळे वाहायचे, अशी तिकडची रीत. येसूचा बाळपणीचा वाळा मोडून सोनाराने टिकलीएवढे दोन डोळे करून दिले. इवलेसे, लखलखीत! ते परकराच्या ओच्यात बांधून, आईचा हात धरून येसू पहाटेच्या गाडीने सोनतीर्थाला आली. परतीची गाडी एकच, साडेतीनची.

गर्दीत आईला धक्के नकोत म्हणून येसूने तिला घाटावरच्या झाडाखाली बसवलं आणि ती एकटीच रांगेत जाऊन उभी राहिली.

आता त्या रांगेचं काय सांगायचं! येसू जिथल्या तिथेच. "ए पोरी, बाजूला हो," म्हणत एक काकू पुढे घुसल्या. त्यांच्यामागून त्यांची बहीण, जाऊ आणि जावेची भाची. पिवळ्या फेट्याचे एक काका तर येसूच्याच पायावर पाय देऊन गेले आणि वर म्हणाले, "नीट बघून उभी राहा." शेवटी एकदाची ती दारापाशी पोचली, तोच पुजारीबुवांनी दार ओढून घेतलं.

"देवीचा नैवेद्य झाला, आता ती निजणार. चारला ये हं, बाळ."

"पण माझी गाडी साडेतीनला आहे!"

"मग उद्या ये."

उद्या म्हणे! जसं काही सोनतीर्थ येसूच्या अंगणातच होतं.

येसूचं डोकंच फिरलं. पाय आपटत ती देवळामागे गेली. तिथे जुन्या नगरीचे अवशेष होते. पडके खांब, सोंड तुटलेले हत्ती, अर्धीच उरलेली कमान. सगळीकडे रानटी बाग माजली होती. लालचुटुक जास्वंदी, हळदीच्या रंगाची पिटुकली फुलं आणि त्यांच्यावर भिरभिरणारी निळी निळी फुलपाखरं. इतकं सुंदर होतं सगळं, पण येसूला त्यातलं काहीएक बघायचं नव्हतं. कमानीच्या सावलीत ती फतकल मारून बसली आणि पुन्हा एकदा पाय आपटला.

"हळू गं! माझं नाक आधीच पडलंय," कुणीतरी म्हणालं.

खांबावर कोरलेली परी बोलत होती. दगडी पंख, दगडी गजरा आणि डोळ्यांच्या जागी दोन रिकाम्या खोबणी.

"तुझे डोळे कुठे गेले?" येसूने विचारलं.

"चांदीचे होते, म्हणून गेले. शेकडो वर्षं झाली. लोक येतात, माझ्या पोटावर आपली नावं खरडतात आणि जातात. बाहेर काय दिसतंय, ते मात्र एकजण सांगेल तर शपथ! तू तरी सांग. फुलं अजून लाल असतात का गं?"

येसूचा हात ओच्याच्या गाठीवर गेला. रोज सकाळी आईसुद्धा असंच विचारायची, उजाडलं का गं?

ओच्यातले डोळे आईच्या नावाचे होते. रात्र घाटावर काढली असती, तर उद्या ते देवीला वाहताही आले असते. पण देवीच्या दारावर चांदीच्या डोळ्यांच्या माळाच्या माळा होत्या आणि इथे एकही नव्हता. येसूने गाठ सोडली. टाचा उंचावून तिने एक डोळा बसवला, मग दुसरा.

परीने पापण्या मिटल्या, उघडल्या. दगडी पंखांवर मोरपिशी रंग चढला, गजऱ्यातल्या कळ्या उमलल्या आणि सगळी बाग चमचमायला लागली.

"अगंबाई! किती लाल!" जास्वंदीकडे बघत परी म्हणाली. मग ती येसूकडे वळली. "माग, बाळ. इच्छा एकच. एका दमात सांगायची. आणि स्वतःसाठीच मागायची. दुसऱ्यासाठी मागितलेली इच्छा वाऱ्यावर जाते."

"स्वतःसाठीच?" येसू किंचाळलीच. "हे कसले नियम?"

"मी केलेत का ते? मीसुद्धा कंटाळलेय त्यांना!"

मग मात्र येसूला राहवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडाचा पट्टा सुरू. "देवळात गेले तर दार बंद, इथे आले तर नियम, मला खाऊ नको नि फ्रॉक नको, परवा मी पडले नि कपाळाला खोक पडली तरी आईला कळलं नाही, मला बाकी काही नको, मला माझ्या आईला दिसायचंय!"

परी खुदकन हसली. "मागितलंस की! स्वतःसाठी आणि एका दमात."

सोनेरी, गुलाबी, रुपेरी उजेडाचा एक लोट उठला. फुलपाखरं त्यात गिरक्या घेऊ लागली. उजेड ओसरला तेव्हा खांब रिकामा होता.

येसू धावत सुटली. झाडाखाली आई उभी होती, कमरेवर हात ठेवून.

"येसे! ही येणी हाय का उंदराचं शेपूट? नाक पुस आधी! आन् परकर किती मळलाय! आन्... आगं, ही खोक कधी पडली? मला सांगितलं न्हाईस ते?"

अख्ख्या दिवसात इतकं कुणी रागावलं नव्हतं. येसू तिथेच उभी राहून हसत हसत रडू लागली. "अजून रागव ना, आई," ती म्हणाली.