डोहावरचा पहिला हक्क

फार मागची गोष्ट. रानातल्या डोहावर कासव सगळ्यांच्या आधी राहायला आलं, म्हणून पाण्यावर पहिला हक्क त्याचा. त्याचं पिऊन झाल्यावरच इतरांनी प्यायचं.

एका उन्हाळ्यात डोह आटत आला. कासव पाण्यातून हलेचना.

हरणी म्हणाली, "कासवदादा, पाडसाचा घसा सुकलाय हो. एक घोट घेऊ द्या."

"माझं अजून व्हायचंय, बाई."

"तुमचं होईस्तोवर पावसाळा येईल, आजोबा!" रानडुक्कर गुरगुरलं.

पण हक्क कुणी मोडला नाही. सगळी डोंगरापलीकडे निघून गेली.

आता डोह एकट्या कासवाचा. पण पाणी गोड लागेना. शेवटी ते त्यांना बोलवायला निघालं. वाटेवर पाडसाच्या खुरांचे ठसे होते. कासव एकेक पाऊल टाकत राहिलं, आणि पुढचे ठसे वाऱ्यानं पुसले जात राहिले.