थंड अंगावरून

त्या वनात माकडं मरत होती आणि वनाला त्याची सवय झाली होती. सकाळी एखादं झाडाखाली पडलेलं दिसे. बाकीची त्याच्याभोवती बसत आणि रीतीप्रमाणे त्याचे केस विंचरत राहत. मेलेल्याला एकटं सोडायचं नाही, असा म्होरक्या शेंदऱ्याचा दंडक होता.

करडी नावाची माकडीण आपल्या मेलेल्या बहिणीजवळ अशीच बसली होती. बहिणीच्या केसांतून मोहरीहून बारीक गोचिडं बाहेर पडत होती. थंड झालेलं अंग सोडून ती ऊब शोधत निघाली होती, करडीच्या मांडीकडे. करडी उठली आणि दूर जाऊन बसली.

मुळांत राहणाऱ्या चिचुंद्रीच्या कानामागेही तसलीच गोचिडं लटकलेली होती. करडीने तिला त्यांच्याबद्दल विचारलं. "चावताना ती आत काहीतरी सोडतात," चिचुंद्री म्हणाली. "आमच्यात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्हाला काही होत नाही." तिच्या आवाजात दुःख नव्हतं, गर्वही नव्हता.

मेलेल्याजवळ बसू नका, असं करडीने कळपाला सांगून पाहिलं. शेंदऱ्या शांतपणे म्हणाला, "सख्ख्या बहिणीला टाकून उठलीस. आता आम्हालाही तेच शिकवतेस?"

त्यानंतर तिच्याजवळ कोणी बसलं नाही. ओढ्याकाठच्या उंबरावरून ती कळप विरळ होताना पाहत राहिली. आधी तिला रडू यायचं, मग तेही थांबलं.

शेवटी एकटा शेंदऱ्या उरला. तापाने लटपटत तो उंबराखाली आला आणि जवळ बस म्हणाला.

"तुझ्यावरची गोचिडं माझ्या अंगावर चढतील," करडी म्हणाली.

"ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग?"

"मग कळप कशाला म्हणायचं?"

करडी खाली उतरली. त्याचं अंग थंड होईपर्यंत ती त्याचे केस विंचरत राहिली. पुढे तिलाही ताप आला. का कोण जाणे, ती वाचली. वाचल्याचं तिला काही वाटलं नाही.

काही दिवसांनी ओढ्यापलीकडून दुसरा कळप आला. त्यातली एक म्हातारी, काही न विचारता, करडीच्या मागे बसली आणि तिचे केस विंचरू लागली. करडीला गोचिडांबद्दल सांगायचं होतं. तिने तोंड उघडलंही. पण पाठीवर बोटं फिरत होती.

तिने मान खाली घातली. म्हातारीच्या मागे दुसरी बसली, तिच्यामागे तिसरी. बघता बघता सगळा कळप ओळीने बसला, प्रत्येकाची बोटं पुढच्याच्या केसांत.