नाकारलेला माल

हिरडवन नावाचं एक जंगल होतं. तिथे रणगाजी नावाचा गवा राज्य करत असे. तो दर पाच वर्षांनी निवडून येई, कारण मतं मोजायचं काम त्याच्याच पाठीवर बसणारे बगळे करत.

एके दिवशी समुद्रापलीकडून पेंग्विन आले. सगळ्यांनी काळे कोट घातले होते, त्यामुळे ते तज्ज्ञ आहेत हे लगेच ओळखू आलं.

"तुमच्याकडे आवळे आहेत, पण रेल्वे नाही," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आमच्याकडे रेल्वे आहे, पण आवळे नाहीत. देवानेच जुळवलंय हे."

महाराजांनी लगेच सभा घेतली. "बंधूंनो, भगिनींनो! आपण पिढ्यान्‌पिढ्या पायांनी चाललो. ही गुलामीच होती!"

टाळ्या पडल्या. दिवाण हसमुखराव तरस होते, त्यांचं हसणं तर थांबेचना.

गर्दीतून शेवंता साळिंदर उठली. तिची थोरली बहीण पलीकडच्या खोऱ्यात एकटी राहायची. तिचे दोन्ही डोळे गेले होते. शेवंता दर आठवड्याला तिला कंदमुळं नेऊन देई.

"महाराज, गाडी खोऱ्यात थांबेल ना?"

"खोऱ्यात? अगं, तुझ्या अक्काच्या दारात थांबेल!"

रूळ पडले. दोन्ही अंगांना तारेचं उंच कुंपण आलं आणि शेवंताची पायवाट बंद झाली. खोऱ्यात मात्र देखणं स्टेशन उभं राहिलं. बाकडी, घड्याळ, महाराजांचा पुतळा, काही कमी नव्हतं. गाडी रोज यायची, शिट्टी वाजवायची आणि पुढे निघून जायची.

शेवंता दिवाणांकडे गेली.

"करारात थांबा नाही, शेवंताबाई," हसमुखराव म्हणाले. "गाडी फक्त आवळे भरायला थांबते. प्रवासी घेतले की वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की पाहुणे नाराज होतात."

"मग स्टेशन कशाला बांधलं?"

"उद्घाटनासाठी."

तीन आठवडे असेच गेले. अक्काने काय खाल्लं असेल, या काळजीने शेवंताच्या घशाखाली घास उतरेना. चौथ्या आठवड्यात, निदान अक्का जाता जाता दिसेल तरी म्हणून, ती आवळ्यांच्या टोपलीत शिरली आणि वरून पाला ओढून घेतला. हमाल माकडांनी टोपली गाडीत चढवली.

खोरं आलं तसं तिने फटीतून पाहिलं. अक्का बिळाच्या तोंडाशी बसली होती. पार वाळून गेली होती.

"अक्का!" शेवंता ओरडली. अक्काने मान वर केली, तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती.

बंदरावर तपासनीस पेंग्विनाने टोपलीत पंख घातला आणि किंचाळून बाहेर काढला. ताबडतोब समिती बसली. कागदावर आवळे लिहिलेले असल्यामुळे हा आवळा नाही, असं म्हणायची कुणाची छाती होईना. तीन तासांनी अहवाल आला: 'आवळा आकाराने मोठा आहे, टोचतो आणि उलट बोलतो. नाकारावा.' शेवंताच्या गळ्यात पाटी अडकवली गेली: नाकारलेला माल.

करारात अशा मालासाठी एक कलम होतं. तो परतीच्या गाडीने न्यावा, सोयीच्या ठिकाणी गाडी थांबवून अदबीने उतरवावा.

"कुठे उतरवू?" इंजिनवाल्या पेंग्विनाने विचारलं.

"खोऱ्यात," शेवंता म्हणाली.

आणि खोऱ्यात पहिल्यांदाच गाडी थांबली. अक्काने वासावरून बहिणीला ओळखलं.

"एवढा उशीर का गं केलास?"

"गाडीने आले ना, अक्का."

शेवंता तिथेच राहिली. तिने दुसऱ्या दिवसापासून खोऱ्यातच कंद उकरायला घेतले, आणि महिन्याभरात अक्का तिला ओरडण्याइतकी धडधाकट झाली.

ही हकिगत हिरडवनात पोचली आणि दिवाणांच्या दारात रांग लागली. कुणाचं माहेर रुळांपलीकडे होतं, कुणाचं पाणी.

"आम्हाला नाकारा!" ससे ओरडत होते. "आम्ही फार आंबट आहोत!"

"मी किडका आहे, साहेब," रानडुक्कर अजिजीने म्हणाला. "हवं तर बघा."

हसमुखरावांनी नाकारणी खातं उघडलं आणि त्यावर आपल्या मेव्हण्याला बसवलं. तेवढ्यात निवडणूक आली. महाराजांनी सभेत शिंग उंचावून घोषणा केली, "आमच्या राज्यात लहानमोठा भेद राहणार नाही! प्रत्येक नागरिकाला नाकारल्याचा दाखला मिळेल, तोही घरपोच!"

महाराजांच्या आजवरच्या कारकिर्दीत मुदतीआधी पूर्ण झालेलं आश्वासन हे एवढंच.