विसाव्याच्या घरातल्या घंट्या

फार जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, आणि म्हातारेही होते. म्हातारे सगळ्याच काळात असतात. तरुणांच्या हे ध्यानात राहत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एका राजाने नदीच्या वळणावर एक मोठं घर बांधलं. ज्याचे हातपाय थकले, ज्याला बघणारं कोणी उरलं नाही, त्याने तिथे यावं, बाजेवर पडावं, गरम पेज प्यावी आणि उरलेले दिवस सुखाने काढावेत. लोक त्याला विसाव्याचं घर म्हणत.

राजा शहाणा होता. त्याने प्रत्येक बाजेला गाईच्या गळ्यातली एक घंटी बांधली आणि घंटीला दोरी लावली. काही लागलं की दोरी ओढायची. ओढल्यावर यायला माणूस हवं, म्हणून सेविकाही भरपूर ठेवल्या. नुसती घंटी काय, कोणीही बांधतो.

ते घर दिवसभर वाजायचं. कुणाला पाणी हवं, कुणाला धरून बाहेर न्यायला हवं, कुणाच्या पाठीला खाज सुटलेली. एखाद्याला नुसतंच विचारायचं असायचं, "ऊन पडलंय का गं बाहेर?" सेविका कुरकुरायच्या, पण यायच्या.

तिथे एक नावाडी होता. जन्मभर त्याने लोकांना पलीकडे पोचवलं, आता मानेखालचं अंग लाकूड झालं होतं. त्याला थोड्या थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागे. नाही वळवलं तर पाठीची कातडी फुटते, आणि म्हाताऱ्याची कातडी फुटली की जुळता जुळत नाही. त्याला स्वतःला दोरी ओढता यायची नाही. शेजारच्या बाजेवर एक बुरूडीण होती. जन्मभर सुपं-टोपल्या विणल्या, आता डोळे गेलेले, जीभ मात्र शाबूत. नावाड्यासाठी ती आपली घंटी वाजवायची.

"गोजरे! अगं ए गोजरे! याची नाव वळव गं, खडकाला लागली!"

गोजरा नावाची सेविका पदर खोचत यायची. "आले गं आजी! तुझी घंटी तोडूनच टाकते एकदा."

"तोड. मग तोंडाने वाजवीन."

नावाडी हसायचा. तेवढं त्याला अजून जमायचं.

पुढे तो राजा गेला. मुलगा गादीवर बसला आणि त्याने नवा कारभारी नेमला.

कारभारी वाईट नव्हता. वाईट माणूस ओळखू तरी येतो. हा हुशार होता. घरात पाऊल टाकलं आणि त्याने कानांवर हात ठेवले.

"एवढा गोंगाट! म्हणजे इथे कोणीच सुखी नाही. सुखी माणूस घंटी वाजवील कशाला?"

गोजरा म्हणाली, "धनी, वाजतंय तोवर बरं समजा."

"तू मला शिकवू नकोस. तुम्हीच यांना लाडावून ठेवलंय. धावणाऱ्या कमी झाल्या की हाकाही कमी होतील."

आणि त्याने निम्म्याहून जास्त सेविका हत्तीखान्यात धाडल्या, हत्ती धुवायला आणि रंगवायला. हत्ती मिरवता येतो. म्हातारं माणूस कोण मिरवणार?

आता गंमत बघा. कारभारी म्हणाला तसंच झालं. आधी घंट्या वाढल्या, कारण एकदा वाजवून कोणी येईना. मग त्या कमी झाल्या. मग थांबल्या. लोक पाणी कमी पिऊ लागले, म्हणजे बाहेर न्यायला कोणाला बोलवायला नको. पेज पातळ झाली, कारण घट्ट पेज चमच्याने भरवावी लागते आणि पातळ घशात ओतता येते. अंगातलं बळ गेलं, तसा आवाजही गेला.

बुरूडीण सगळ्यांत उशिरा थकली. नावाडीच तिला म्हणाला, "राहू दे गं. त्या पोरीला दोनच पाय आहेत."

"आणि तुला एकच पाठ आहे," ती म्हणाली, आणि ओढत राहिली. एके दिवशी तिच्याही हातून दोरी सुटली.

मग कारभाऱ्याने राजाला बोलावलं आणि दारातच उभं केलं. "महाराज, नुसतं ऐका."

राजाने ऐकलं. एकही घंटी वाजत नव्हती. लहानपणी तो इथे आला होता तेव्हा घंट्यांनी कान किटले होते. तो खूश झाला आणि खांद्यावरची जरीची शाल काढून कारभाऱ्याच्या अंगावर घातली. गोजरा काही बोलायला पुढे आली, तर कारभाऱ्याने डोळे वटारले. राजा दारातूनच परत गेला. उरलेल्या सेविकाही हत्तीखान्यात गेल्या. राहिली एकटी गोजरा.

पुढे एकदा राजा शिकारीहून परतत होता. माणसं मागे राहिली, ऊन रणरणत होतं. त्याला वाटलं, विसाव्याच्या घरात छान शांतता असते, तिथेच जरा पाठ टेकू. आत जाऊन तो एका रिकाम्या बाजेवर आडवा झाला. घसा कोरडा पडला होता. त्याने दोरी ओढली.

कोणी आलं नाही. त्याने पुन्हा ओढली, मग जोराने ओढली.

पलीकडून बुरूडीण म्हणाली, "वाजव बाबा, वाजव. नवीन आलास ना?"

राजा म्हणाला, "हो, नवीनच."

"तरीच. नवीन माणूस वाजवतो थोडे दिवस. मग त्याला समजतं."

"काय समजतं?"

"दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणी नाही ते."

राजा उठून बसला. "पण इथले सगळे सुखात आहेत, म्हणून गप्प आहेत ना?"

बुरूडीण खोकेपर्यंत हसली. "तुझे हात धड आहेत का? मग त्या नावाड्याला कुशीवर कर, आणि सांग मला सुख कुठवर आलंय ते."

राजाने नावाड्याच्या अंगाखाली हात घातला. पाठ अंथरुणाला चिकटली होती. वळवताना आतलं मांस दिसलं. नावाड्याने डोळे न उघडताच विचारलं, "गोजरा आली का? बरं झालं बाई. आता अशीच धरून ठेव."

तेवढ्यात घराच्या दुसऱ्या टोकाकडून गोजरा पाण्याचं भांडं घेऊन धावत आली. राजाला तिने ओळखलं, पण मुजरा केला नाही.

"महाराज, वाकायला मला सवड नाही. तुम्ही त्याला सोडू नका, मी जखम धुते."

राजाने सोडलं नाही.

राजवैद्य आला, लेप लावले. पण जखम हाडापर्यंत गेली होती. नावाडी वाचला नाही. राजाने कारभाऱ्याच्या अंगावरची शाल मागून घेतली आणि नावाड्यावर घातली. "चुकून दुसऱ्याला दिली होती," एवढंच तो बोलला.

त्याने कारभाऱ्याला हत्तीच्या पायी दिलं नाही. त्यात कारभारी लवकर सुटला असता. त्याला गोजरेच्या हाताखाली ठेवलं, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायला. हत्तीखान्यातल्या सगळ्या सेविका त्याच दिवशी परत आल्या.

घंट्या मात्र परतल्या नाहीत. माणसं एका हुकमाने येतात, विश्वास हुकूम ऐकत नाही. सेविका न बोलावता बाजेबाजेशी जाऊन विचारायच्या. पेज पुन्हा घट्ट झाली. तरी दोऱ्या तशाच लोंबत होत्या.

मग एका सकाळी बुरूडिणीची घंटी वाजली. सगळे जागच्या जागी थबकले. कारभारी जवळ होता, तोच धावला.

"काय हवं आजी?"

"काही नको. कोणी येतं का, ते पाहिलं."

"आलो की."

"आलास खरा." नावाड्याच्या रिकाम्या बाजेकडे तिने तोंड वळवलं. मग म्हणाली, "आता आलाच आहेस तर पाणी आण. आणि गार आण."

ते ऐकून पलीकडच्याने दोरी ओढली, मग त्याच्या पलीकडच्याने. दुपारपर्यंत घर असं दणाणलं की नदीपल्याडच्या गुरांनी माना वर केल्या. कारभारी धावून धावून घामाघूम झाला, पण कानांवर हात ठेवायचं काही त्याला सुचलं नाही.

तात्पर्य: ज्याच्या हाकेला कोणी येतं तोच हाक मारतो, म्हणून दुबळा माणूस गप्प झाला की त्याला सुखी समजू नये, आत जाऊन बघावं.