कडेचा तुकडा

वजनकाटा आणि कात्री माणसांसारखी बोलत, त्या काळी एका प्रयोगशाळेत पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाच्या प्लॅस्टिकची शीट बनत असे. उष्णता सोसावी म्हणून तिच्यात चिकणमाती मिसळत. पण साहेबांना घाई, म्हणून ढवळणं अर्ध्यातच थांबे. कडेला माती नीट पसरे, मध्ये गुठळ्या राहत. यंदा या शीटचं अस्तर भट्टीवरच्या सगुणाबाईच्या हातमोज्यांना लागणार होतं.

चाचणीसाठी कात्रीने नेहमीप्रमाणे कडेचा तुकडा कापला. तो तापवून वजन किती घटतं ते पाहणं काट्याचं काम. तुकडा टिकला, पण काटा भडकला. "मधला का नाही आणलास? तिथे गुठळ्यांभोवती नुसतं प्लॅस्टिक आहे, ते वितळणारच!"

"अहो काटेबुवा, साहेब सांगतात तिथे मी कापते. तुम्ही आकडा द्या आणि गप्प बसा."

"हात सगुणाबाईचा जळणार आहे, तुझं पातं नाही!"

शीट पास झाली. मोजे शिवले गेले.

आठवड्याने सगुणाबाई तळहाताला पट्टी बांधून आली. वितळलेला मोजा तिने टेबलावर आपटला. "पास आहे ना, साहेब? मग हा दुसरा घाला आणि माझा तापलेला साचा उचला."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले.

"बाई, कात्री घ्या!" काटा ओरडला. "कापा शीट मधोमध!"

कात्री निमूट उघडली. खराब जागा तिला शोधावी लागली नाही. इतकी वर्षं तीच जागा तर ती टाळत आली होती.